रेवदंड्याची खाडी : कोट पडले, चुली राहिल्या

भिरा-रोह्याकडून वाहत येणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंडा व चौल, तर दक्षिणेस साळाव व कोर्लई. आज पुलावरून मोटार पाहता पाहता पलीकडे जाते. पूर्वी तरीखेरीज गत्यंतर नव्हते.

चौल हे फार जुने बंदर. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्याही आधी, येथे उतरला. १५०८ साली येथील पाण्यात पोर्तुगीज व इजिप्तचे आरमार यांची झुंज होऊन पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो पडला. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधला आणि १५९४ मध्ये कोर्लईचा डोंगरही घेतला. १७४० साली हे सारे मराठ्यांकडे आले. आज त्या कोटात माडांच्या वाड्या आहेत. पडका सातखणी मनोरा तेवढा जुनी साक्ष देतो.

राज्य गेले, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली उरली. गावकरी तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. तिला ना दरबाराचा आधार, ना शाळेचा. आईने लेकराशी ती बोलली, म्हणूनच ती टिकली.

तीच गोष्ट या काठच्या बेने इस्रायलांची. तेल गाळणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी हीच त्यांची मायबोली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. रेवदंड्यात त्यांचे प्रार्थनामंदिर मागे राहिले. पण पोहे, नारळ व साखर घालून केलेला मलिदा त्यांच्या घरी तेथेही होतो.

भगिनींनो, यातला बोध आपल्यासाठी आहे. तोफा आणि तट ज्यांनी राखले त्यांची नावे बखरींत सापडतात. बोली, नैवेद्य आणि सणवार ज्यांनी राखले त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. खाडीकाठच्या कोळणी, आगरी बाया, वाडीवाल्या आजी यांच्या तोंडी अजून पुष्कळ शिल्लक आहे. पडका तट पुन्हा बांधता येईल, पण विसरलेला शब्द परत आणणे कठीण. म्हणून प्रत्येकीने यंदा घरच्या एका वृद्धेजवळ वही घेऊन बसावे, इतकीच विनंती.