महागडा हेडफोन आणि सामान्य कान

छावणी (छत्रपती संभाजीनगर) : शंभर-दीडशे रुपयांच्या इअरफोनवर वर्षानुवर्षे गाणी ऐकणाऱ्या माणसाच्या कानावर तीस हजारांचा हेडफोन ठेवला, तर त्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा कौतुकाची नसते. ‘आवाज जरा कमी आहे का?’ किंवा ‘बास कुठे गेला?’ असे प्रश्न आधी येतात. पाच-सात मिनिटे गेल्यावर चेहरा बदलतो. गायकाने श्वास घेतला, मागे तानपुरा चालू आहे, कोरसमध्ये दोन वेगळे आवाज आहेत, अशा गोष्टी एकेक करून ध्यानात येऊ लागतात. तिसरी प्रतिक्रिया किंमत कळल्यानंतरची असते आणि तीच सर्वांत बोलकी म्हणावी लागेल. कोणाला तोच हेडफोन आता आणखी गोड वाटतो, तर कोणी ‘एवढ्या पैशांत काय काय आले असते’ याचा हिशेब मांडून तो काढून ठेवतो.

छावणीच्या आठवडी बाजारापासून पैठण गेटच्या मोबाइल दुकानांपर्यंत आणि तेथून मॉलमधील चकचकीत दालनांपर्यंत आज कानाला लावायच्या वस्तूंची रांग लागलेली आहे. साध्या तारेच्या इअरफोनचे दोन अंकी किंवा तीन अंकी मोल एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाला २०२० साली भारतात ५९,९०० रुपये किमतीने आलेला ‘एअरपॉड्स मॅक्स’. त्याच वर्षी सोनीचा ‘डब्ल्यूएच-१०००एक्सएम४’ २९,९९० रुपयांना दाखल झाला. जर्मनीच्या सेन्हायझर कंपनीने २०१५ मध्ये सादर केलेल्या ‘एचई १’ या संगमरवरी बैठकीच्या संचाची किंमत तर सुमारे ५० हजार युरो होती. हा फरक खरोखर कानाला कळतो की केवळ खिशाला, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात पडणे स्वाभाविक आहे. त्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरेच शास्त्रीय काम झालेले आहे.

पॅरिसच्या प्रदर्शनापासून

दोन्ही कानांना दोन यंत्रे लावून संगीत ऐकण्याचा अनुभव सामान्य माणसाला प्रथम मिळाला तो १८८१ मध्ये, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात. क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक बसवले आणि दूरच्या प्रदर्शनमंडपात लोकांना दोन-दोन श्रवणी हाती दिल्या. गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे सरकतो आहे हे ऐकणाऱ्यांना जाणवले, आणि त्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. आवाजाचा दर्जा टेलिफोनचाच होता. लोक भारावले ते त्या आवाजाला दिशा होती म्हणून.

पुढे १९१०च्या सुमारास अमेरिकेतील नथानिएल बाल्डविन यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन तेथील नौदलाने विकत घेतले. ते संदेश ऐकण्यासाठी होते. संगीतासाठीचा स्टिरिओ हेडफोन १९५८ मध्ये मिलवॉकी येथे जॉन कॉस यांनी लोकांपुढे ठेवला. गंमत अशी, की कॉस यांना विकायचा होता सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर, हेडफोन ही त्याची जोडवस्तू होती. प्रदर्शनाला आलेल्या लोकांनी मात्र हेडफोन कानाला लावला आणि प्लेअर बाजूला राहिला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला तेव्हा त्यासोबतच्या हेडफोनचे वजन जेमतेम ४५ ग्रॅम होते आणि संगीत घराबाहेर पडले.

किंमत झाकली की काय उरते?

ध्वनियंत्रांच्या परीक्षणातील सर्वांत मोठा अडथळा म्हणजे डोळे. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हरमन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांकडून चार स्पीकरांना गुण देववले. एकदा स्पीकर समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड ठेवून. दिसत असताना मोठ्या, देखण्या, नामवंत स्पीकरांना भरघोस गुण मिळाले आणि लहानखुऱ्या संचाला कमी. पडदा ओढला आणि हे अंतर बरेच आकसले. स्पीकर कोठे ठेवला आहे, कोणते गाणे लावले आहे, याचाही परिणाम डोळे उघडे असताना जवळपास दिसेनासा झाला होता. म्हणजे ऐकणारे आवाज कमी ऐकत होते आणि वस्तू अधिक.

याचा अर्थ ती माणसे खोटे बोलत होती असा नव्हे. २००८ मध्ये अमेरिकेत २० जणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून तीच वाइन एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून पाजण्यात आली. महाग म्हणून सांगितलेली वाइन त्यांना अधिक आवडलीच, शिवाय आनंदाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील हालचालही वाढलेली दिसली. किमतीने मिळणारा आनंद असा प्रत्यक्षात उमटतो. मात्र हा आनंद वस्तूच्या अंगचा नसतो आणि किमतीची चिठ्ठी विसरल्यावर तो किती टिकेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

हेडफोनच्या बाबतीत पडदा लावणे कठीण. तो डोक्यावर बसतो, त्याचे वजन, गादीचा मऊपणा, कानावरचा दाब सारे कळते. हरमनच्या संशोधकांनी यावर तोडगा काढला. एकाच हेडफोनमधून इतर हेडफोनांचा आवाज हुबेहूब निर्माण करायचा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यावर वस्तू एकच राहते आणि बदलतो तो केवळ ध्वनी. या पद्धतीने कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन या चार देशांतील २३८ श्रोत्यांची चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तीन लोकप्रिय हेडफोन होते आणि चौथा आवाज होता चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा बेतलेला. वय, लिंग, देश, अनुभव कोणताही असो, सरासरीने पसंती या चौथ्यालाच मिळाली. प्रशिक्षित कान आणि सामान्य कान यांची आवड फारशी वेगळी निघाली नाही, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची बाब. भारतीय श्रोते त्यात नव्हते, हेही नोंदवायला हवे. शिवाय हरमन ही स्वतः हेडफोन विकणारी कंपनी आहे. तिचे निष्कर्ष खुल्या शोधनिबंधांतून तपासले गेले असले, तरी वाचकाने हे लक्षात ठेवलेले बरे.

सगळ्यांची आवड एकच, असेही नाही. याच संशोधकांनी २०१८ मध्ये श्रोत्यांचे तीन गट पाडले. ६४ टक्के लोकांना वरील बेताचा आवाज आवडला, १५ टक्क्यांना त्याहून अधिक बास हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. या शेवटच्या गटात स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले लोक तुलनेने अधिक होते. एकाच घरात मुलाने आणलेला हेडफोन आईला ‘धडधडणारा’ वाटतो, त्यात आईच्या कानाचा दोष शोधण्याचे कारण नाही.

राहता राहिली किंमत. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या वारंवारतेचा स्वर हेडफोन किती जोराने देतो, याचा आणि विक्रीच्या किमतीचा काही संबंध आहे का, हे त्यांनी तपासले. संबंध आढळला नाही. स्वस्त हेडफोन चांगले असतात असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल. स्वरांचा तोल चांगला असणारे आणि नसणारे दोन्ही प्रकार प्रत्येक किंमतपट्ट्यात सापडतात, एवढेच यातून सिद्ध होते. तोल हा दर्जाचा सर्वांत मोठा घटक असला तरी एकमेव नव्हे. वाढीव पैसा पुष्कळदा जातो तो कानाच्या गाद्या, धातूचा सांगाडा, बाहेरचा गोंगाट कापणारी यंत्रणा, बॅटरी, आणि अर्थातच जाहिरात यांच्यावर.

तानपुरा, तबला आणि जुन्या तबकड्या

पाश्चात्त्य चाचण्यांतील गाणी पाश्चात्त्य असतात. मराठी श्रोत्याने महागडा हेडफोन पारखायचा तर त्याच्याकडे अधिक कठोर परीक्षक घरातच आहेत. पहिला तानपुरा. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेल्या दोऱ्यामुळे तारेतून वरच्या स्वरांची जी लड उमटते तिला जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीच्या रचनेवर लिहिले होते. बास फुगवलेल्या हेडफोनवर ही लड दबून जाते आणि उरते ती नुसती गुणगुण. मैफलीचे चांगले ध्वनिमुद्रण चांगल्या हेडफोनवर ऐकणारा सामान्य श्रोता ‘मागे तानपुरा आहे हे आज कळले’ असे म्हणतो ते याचमुळे, त्यासाठी त्याला शास्त्रीय संगीत कळावे लागत नाही.

दुसरा परीक्षक तबला. साधे चामडे वाजवले की त्यातून बेसूर उपस्वर निघतात. तबल्यावरील शाईमुळे ते सुरात येतात, हे रामन यांनीच १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून मांडले. दायाची चाट आणि बायाची मींड वेगवेगळी, आपापल्या जागी ऐकू आली पाहिजे. बाया सगळ्या गाण्यावर पसरत असेल, तर किंमत काहीही असो, तो हेडफोन भजन-अभंग ऐकण्याच्या कामाचा नाही.

एक विपरीत अनुभवही येतो. बालगंधर्वांची पदे किंवा १९३०च्या दशकातील अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या महागड्या हेडफोनवर लावल्या, तर अनेकांची निराशा होते. मायक्रोफोनवरील विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी गायक कर्ण्यात गात आणि वरच्या पट्टीचे बहुतेक उपस्वर तबकडीपर्यंत पोचतच नसत. विद्युत पद्धतीनंतर परिस्थिती सुधारली, तरी आजच्या मानाने ती अरुंदच होती. जे तबकडीत नाही ते कोणताही हेडफोन देणार नाही, उलट सुईची खरखर मात्र तो इमानदारीने वाढवून दाखवील. आजोबांच्या आवडीची नाट्यगीते ऐकण्यासाठी साठ हजार खर्चणाऱ्या नातवाने हे आधी जाणून घ्यावे. मोबाइलवर कमी दर्जात उतरवलेल्या गाण्यांची गतही याहून निराळी नाही.

डोक्यातले गाणे

हेडफोनचा एक दोष पैशाने पूर्णपणे सुटत नाही. स्पीकरचा आवाज समोरून येतो, दोन्ही कानांना मिळतो, भिंतींवरून परततो. हेडफोनमध्ये डावा आवाज केवळ डाव्या कानाला, आणि खोली नाहीच. त्यामुळे गायक कपाळाच्या आत बसून गातो आहे असे वाटते. खोली म्हणजे काय हे अनुभवायचे असेल तर छावणीवरून दौलताबादमार्गे वेरूळ गाठावे. तेथील दहाव्या क्रमांकाच्या, विश्वकर्मा नावाने ओळखल्या जाणाऱ्या चैत्यगृहात कमानदार छताखाली एक स्वर लावला की तो बराच वेळ घुमत राहतो, आणि पर्यटक हटकून तो लावून पाहतात. त्या घुमण्याला कानाइतकेच सगळे अंग दाद देते. पाठीमागून खुल्या जाळीचे हेडफोन, ज्यांची परंपरा सेन्हायझरच्या १९६८च्या ‘एचडी ४१४’पासून सुरू झाली, ही कोंडी थोडी सैल करतात. पण ते आत-बाहेर सारेच ऐकू देतात. बसमध्ये किंवा नगर नाक्याच्या रहदारीत त्यांचा उपयोग शून्य.

‘आवाज कमी आहे’ ही पहिली तक्रारही बरेचदा खरी असते. १९९७ पासून नावाजलेल्या ‘एचडी ६००’ या हेडफोनचा विद्युत रोध ३०० ओहम आहे. मोबाइलमधून तो पुरेशा जोराने चालवणे अवघड, त्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लागतो. आणि दोन आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज माणसाला अधिक चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. दुकानात दोन हेडफोनांची तुलना करताना आवाज सारखा करून घेतला नाही, तर जिंकतो तो मोठ्याने बोलणारा.

जोर आणि तास

येथे प्रश्न केवळ रुपयांचा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला असुरक्षित ऐकण्यामुळे धोका आहे. संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह २०१९ मध्ये दिलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलपर्यंत. मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ला १० आणि ८९ला अवघे पाच. आतील कानातील केशपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

भारताच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. हमरस्त्यालगत तिचे काय होते ते छावणीकरांना सांगायला नको. स्वस्त इअरफोन बाहेरचा हा गोंगाट अडवत नाही, म्हणून तरुण त्याच्या वरताण आवाज वाढवतात. गोंगाट कापणारा हेडफोन येथे खरोखर उपकारक ठरतो, कारण तोच तपशील कमी आवाजात ऐकू येतो. महागड्या वस्तूच्या बाजूने मांडता येणारा हा सर्वांत भक्कम मुद्दा असावा, आणि जाहिराती नेमका तोच क्वचित मांडतात. दुसरी बाजू अशी, की हलका हेडफोन मोठ्या आवाजात फाटू लागतो आणि त्यानेच ऐकणारा सावध होतो. उत्तम हेडफोन अजिबात न फाटता कानाला इजा होईल इतका आवाज देऊ शकतो. हातात मोबाइल असेल तर त्यातील श्रवणमर्यादेची सोय आधी चालू करावी.

प्रत्यक्ष खरेदीला जाणाऱ्याने आपली पाठ असलेली तीन-चार गाणी सोबत न्यावीत. एक एकट्या गळ्याचे, एक तबला-तानपुऱ्याचे, एक गर्दीच्या वाद्यमेळाचे. किंमत शेवटी विचारावी. चश्मा असेल तो घालूनच पाहावे, कारण काडीमुळे गादीला फट पडते आणि बास तेथूनच निसटतो. दोन मिनिटांत निर्णय घेऊ नये, किमान वीस मिनिटे डोक्यावर ठेवावा. वजन आणि उकाडा तेव्हाच कळतो, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात कान झाकणाऱ्या गाद्या किती वेळ सोसतील हा विचार परदेशी परीक्षणांत सापडत नाही. गाद्या झिजतात. त्या बदलून मिळतात का, तार सुटी आहे का, बॅटरी संपली की वस्तू टाकूनच द्यावी लागते का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. नंतर घरी येऊन त्याच दिवशी आपला जुना इअरफोन पुन्हा लावून पाहावा. कान नव्या आवाजाला फार लवकर सरावतो, त्यामुळे नवे लावताना जाणवला नव्हता तो फरक अनेकांना जुन्याकडे परतताना जाणवतो. काहींना मात्र तेव्हाही काही वेगळे वाटत नाही, आणि त्यांचे तीस हजार वाचतात.