ब्रेक फेल कितव्यांदा?

'ब्रेक फेल झाल्याने...' अपघाताच्या बातमीची ही आपल्या अगदी ओळखीची सुरुवात. आणि बहुतेक वेळा शेवटही तिथेच. ब्रेक का फेल झाला, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बसमध्येही तसंच होईल का, हे विचारायचं राहूनच जातं.

बरं, आपण मोजत नाही असंही नाही. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याकडे उतरताना लागणारं एस वळण सातारकरांना वेगळं सांगायला नको. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे तिथे मजुरांच्या टेम्पोला अपघात होऊन १८ जण गेले. सरकारी भाषेत 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे साधारण ५०० मीटरचा असा तुकडा, जिथे ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा एकूण १० मृत्यू झालेत. म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा अपघात झाले, तर दोष फक्त ड्रायव्हरचा नसतो, रस्त्याचाही असू शकतो, हे आपण मान्य केलंय.

पण गाडीच्या पार्टचं काय? रस्ता जागेवर असतो, पार्ट गावोगाव फिरतो. एक वाईला, दुसरा थेट जतला!

रिकॉल म्हणजे या फिरत्या दोषांचा हिशोब. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडरचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' आलं आणि १९६६ ला वाहन सुरक्षेचा कायदा झाला. दोष सापडला तर कंपनीने मालकांना कळवायचं. फुकट दुरुस्तीची सक्ती यायला मात्र १९७४ उजाडलं. दरम्यान १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या एका शिक्षकाने जनरल मोटर्सच्या ३ नव्या स्कूल बस घेतल्या. ब्रेकसकट एकेक तक्रारी सुरू झाल्या. गडी गप्प बसला नाही, नेडरच्या मदतीने पाठपुरावा करत राहिला. शेवटी कंपनीला त्या मॉडेलच्या बस परत बोलवाव्या लागल्या.

आपल्याकडे २०१२ मध्ये वाहन कंपन्यांच्या संघटनेने स्वतःहून एक आचारसंहिता आणली. ऐच्छिक, अर्थातच. कायदा झाला २०१९ ला: मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गाडी ७ वर्षांच्या आतली हवी. बस आणि ट्रकसाठी वर्षाच्या विक्रीच्या ३ टक्के इतक्या तक्रारी आल्या की सक्तीच्या रिकॉलची वेळ येते. दंड १ कोटीपर्यंत.

आता खरी गोम. तक्रार मोजली जाते वाहनमालकाची. एसटीतला प्रवासी मालक नाही, ड्रायव्हरही नाही. मालक महामंडळ. ड्रायव्हर सांगतो, 'ब्रेक नीट लागत नाही', गाडी आगाराच्या वर्कशॉपमध्ये जाते, मेकॅनिक दुरुस्त करतो, गाडी पुन्हा रूटवर. आपल्या भाषेत सांगायचं तर तिकीट क्लोज, बग तसाच!

समजा, एकाच बॅचच्या काही बस सांगली विभागात जतला आल्या, काही सातारा विभागात महाबळेश्वरला. जतच्या सपाट रस्त्यावर तो दोष वर्षभर कुणाला कळणारही नाही. पसरणी घाटात मात्र सतत ब्रेक दाबून ड्रम तापतो, लायनरची पकड सुटायला लागते आणि मग थोडासाच दोषही जिवावर बेततो. दोन आगारांच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय हा एकच दोष आहे हे समजणार कसं? आणि समजलंच नाही, तर ते ३ टक्के भरणार कधी?

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला निघाली. तेव्हापासून कितीतरी आगारांत 'ब्रेक तक्रार' असं लिहिलं गेलं असेल. तो प्रत्येक शेरा म्हणजे बग रिपोर्टच की. ते रिपोर्ट एका ठिकाणी आणून मोजणं काही रॉकेट सायन्स नाही. आपल्यापैकी कुणीही वीकेंडला त्याचा डेटाबेस बांधेल. तो कंपनीसमोर ठेवायचं काम मात्र मालकालाच करावं लागेल. घाट उतरणाऱ्या बसमधल्या प्रवाशाच्या हातात तर तिकिटाशिवाय काहीच नसतं.