वारशाने आलेले लष्करी पिस्तूल : मोल, डागडुजी आणि कायदा

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार (ता. मंगरुळपीर) हे आज समृद्धी महामार्गामुळे अनेकांना ठाऊक झालेले गाव. वऱ्हाडातील अशा गावांत एखाद्या देशमुख-पाटलांच्या वाड्यात आजोबांच्या परवान्यावरचे शस्त्र कपाटात पडून असणे नवलाचे नाही. परवानाधारक निवर्तला की वारसांपुढे दोन प्रश्न उभे राहतात : याची किंमत किती आणि ते पुन्हा चकचकीत करून घ्यावे काय? दोहोंची उत्तरे शस्त्राच्या धातूपेक्षा त्यावरील खुणांत आणि सोबतच्या कागदांत दडलेली असतात.

ब्रिटिश फौजेतून आलेल्या हातशस्त्रांत प्रमुख नावे दोन. पहिले वेब्ली. त्याची मार्क सहा ही आवृत्ती १९१५ मध्ये स्वीकारली गेली, बोअर.४५५ इंच. दुसरे एनफिल्ड क्रमांक दोन, बोअर .३८, जे १९३२ पासून फौजेत आले. ही दोन्ही रिव्हॉल्व्हरे असली तरी बोलीभाषेत सरसकट ‘पिस्तूल’च म्हटली जातात. सांगाड्यावरील बाणाची खूण म्हणजे सरकारी मालकी, मुकुटासह उमटवलेले छोटे शिक्के म्हणजे तपासनिसाची मान्यता. नळी, सांगाडा आणि काडतुसांचे फिरते चक्र यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळले तर शस्त्र मूळ रूपात आहे असे मानण्यास आधार मिळतो.

मूळ रूपात केलेला प्रत्येक बदल मात्र मोल घटवतोच असे नाही. एनफिल्डच्या काही नगांवर घोड्याचा अंगठ्याने ओढावयाचा भाग नसतो. तो कोणी हौशी कारागिराने कापलेला नसून रणगाड्यातील सैनिकांच्या शस्त्राचा घोडा आत अडकू नये म्हणून फौजेनेच केलेला बदल आहे. जुने नगही या पद्धतीने बदलून घेतले गेले. असा बदल शस्त्राच्या इतिहासाचाच भाग ठरतो. याउलट महायुद्धानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक वेब्लींचे चक्र मागून तासून त्यांत .४५ ची अमेरिकी काडतुसे बसविण्यात आली. .४५५ ची काडतुसे तेथे सहज मिळत नव्हती, हे त्याचे कारण. संग्राहक अशा नगाला कमी भाव देतात. शिवाय त्या काडतुसाचा दाब मूळ रचनेला झेपणारा नव्हे, त्यामुळे धोका वेगळाच. आपल्याकडे आढळणारा निकेलचा चकचकीत मुलामा, हस्तिदंती मूठ किंवा कोरलेले नाव हेही खासगी बदलच. नावाचा मालक इतिहासाला परिचित असेल आणि कागदांचा आधार असेल, तरच ते नाव किंमत वाढवते.

क्रमांकाचे महत्त्व किती, याचे बोलके उदाहरण इंदूरचे आहे. लाहोरमध्ये १७ डिसेंबर १९२८ रोजी सॉंडर्सच्या वधाच्या वेळी खेडचे राजगुरू भगतसिंगांच्या सोबत होते. त्या वधात भगतसिंगांनी वापरलेले .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रप्रशिक्षण केंद्राच्या संग्रहालयात कित्येक वर्षे इतर पिस्तुलांच्या गर्दीत पडून होते. गंज लागू नये म्हणून त्यावर काळा रंग चढविला होता आणि त्याखाली क्रमांक झाकला गेला होता. रंग काढल्यावर दिसलेला १६८८९६ हा क्रमांक खटल्याच्या कागदपत्रांशी जुळला. २०१७ मध्ये ते पंजाबातील हुसैनीवाला येथे नेण्यात आले. रंगाऐवजी कोणी सॅंडपेपर फिरविला असता, तर ओळख पटविण्यास काहीच उरले नसते.

म्हणूनच जाणकार डागडुजीत हात आखडता घेण्यास सांगतात. पातळ तेलाने गंज मऊ करून मऊ कापडाने हळूहळू पुसावा. आम्ल, सॅंडपेपर व पॉलिशचे चाक वर्ज्य. पॉलिशने शिक्क्यांच्या कडा बोथट होतात आणि मूळ निळसर-काळा मुलामा निघून जातो. नव्याने दिलेला मुलामा कितीही देखणा असला तरी संग्राहकाच्या लेखी तो वजाबाकीच. चामडी म्यानात शस्त्र ठेवणे ही फार सार्वत्रिक चूक. चामडे पावसाळी दमट हवेतील ओल धरून ठेवते आणि गंज नेमका म्यानाच्या आत वाढतो.

कायद्याची बाजू याहून गुंतागुंतीची. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. शस्त्रांची दुरुस्ती वा रूपांतर करण्याचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही, त्यामुळे गावातल्या लोहाराकडे शस्त्र नेणे हाच गुन्ह्याचा विषय ठरू शकतो. कलम ४५ मध्ये पुरातन वा मोडक्या शस्त्रांना सवलत आहे. पण ते दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाही, ही तिची अट आहे. थोडक्यात, दुरुस्त होऊ शकणारे शस्त्र सवलतीत बसतच नाही. ‘जुने आहे, चालत नाही’ एवढे म्हणून भागत नाही.

दुसरी अडचण बोअरची. १९६२ च्या नियमांच्या अनुसूचीने .३८० व .४५५ ची कडेची काडतुसे, तसेच लष्करी ९ मिमी व .४५ ची काडतुसे झाडू शकणारी हातशस्त्रे निषिद्ध वर्गात टाकली. अशा शस्त्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचा सामान्य परवाना पुरत नाही, केंद्र सरकारची विशेष मंजुरी लागते. परिणामी परदेशात संग्राहक ज्या वेब्लीसाठी बोली लावतात, तिला येथे ग्राहक मिळणे दुरापास्त होते. उलट, विदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यामुळे .३२ बोअरची साधी जुनी विदेशी पिस्तुले येथे भलत्याच भावाने विकली जात.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला २०१६ च्या नियमांनुसार अर्ज करता येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारशाचे शस्त्रही त्यात मोजले जाते. शंभर वर्षांहून जुने शस्त्र १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, म्हणून ते खासगीरीत्या परदेशी पाठविण्यास मनाई आहे.

शेलूबाजारच्या वारसांना जुना परवाना शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. मंगरूळसह बासिम हा वऱ्हाडातील वेगळा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि वाशीम १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. मधल्या त्र्याण्णव वर्षांतील परवान्यांचा माग त्यामुळे अकोल्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दफ्तरातच घ्यावा लागतो.