हाफकिन यांचा ताप आणि पांढऱ्या पेशींचे स्निग्ध संदेश

१/ १० जानेवारी १८९७. मुंबई प्लेगने ग्रासलेली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या प्रयोगशाळेत सिद्ध केलेली प्लेगची लस वाल्देमार हाफकिन यांनी सर्वप्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लवकरच ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला. हा ताप कोठून आला? (थ्रेड)

२/ लशीतले जंतू उष्णतेने मारलेले होते. मेलेला जंतू प्लेग देऊ शकत नाही. तरी शरीर त्याला परका म्हणून ओळखते. ओळखणाऱ्या पेशींचा शोध हाफकिन यांच्या गुरूंचाच. ओडेसात त्यांना शिकवणाऱ्या इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा खुपसला. त्याभोवती भटक्या पेशी गोळा झाल्या.

३/ त्या पेशींना हाक कोण मारतो, हे मात्र गूढच राहिले.

४/ त्याच १८९७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध ॲस्पिरिन तयार केले. ताप उतरू लागला. तो का उतरतो, हे पुढची सात दशके कोणालाच ठाऊक नव्हते.

५/ १९३० च्या दशकात स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी वीर्यातील एका स्निग्ध द्रव्याला ‘प्रोस्टाग्लँडिन’ हे नाव दिले. १९३८ मध्ये मेलबर्न येथे फेल्डबर्ग आणि केलवे यांनी नागाच्या विषाचा गिनिपिगच्या फुप्फुसावर प्रयोग केला. त्यातून स्नायूंना सावकाश, पण दीर्घकाळ आकसवणारे द्रव्य पाझरले. फेल्डबर्ग ज्यू होते; १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना बर्लिनमधील पदावरून दूर केले होते.

६/ या दोन्ही धाग्यांचे मूळ एकच निघाले : पेशीचे आवरण. त्यात २० कार्बनचे ॲराकिडॉनिक आम्ल बांधलेले असते. धोक्याची चाहूल लागताच पेशीत कॅल्शियम वाढते आणि फॉस्फोलिपेज हे विकर ते आम्ल कापून मोकळे करते. संदेश साठवलेला नसतो. गरज पडताच घडवला जातो.

७/ पुढे दोन वाटा फुटतात. सायक्लोऑक्सिजनेज विकराच्या वाटेने प्रोस्टाग्लँडिन बनते : रक्तवाहिन्या रुंदावतात, वेदना वाढते, मेंदूतील तापमानाचा काटा वर सरकतो. लिपॉक्सिजनेजच्या वाटेने ल्यूकोट्राइन बनते : त्याचा एक प्रकार आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतो, दुसरा श्वासनलिका आवळतो.

८/ १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवले की ॲस्पिरिन पहिली वाट अडवते. दुसरीचा उलगडा बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाने केला आणि १९७९ मध्ये ‘ल्यूकोट्राइन’ हे नाव आले. ‘ल्यूको’ पांढऱ्या पेशीवरून, ‘ट्राइन’ रेणूतील सलग तीन दुहेरी बंधांवरून. मेलबर्नचे ते ‘सावकाश’ द्रव्य हेच! १९८२ चे नोबेल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि वेन यांना मिळाले. दम्यावर आज दिले जाणारे माँटेलुकास्ट ल्यूकोट्राइनचाच परिणाम रोखते.

९/ आता पुन्हा १८९७. प्लेगच्या सरकारी उपायांविषयीचा रोष एवढा पेटला होता की २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. अशा काळात, अंगात ताप आणणारी सुई लोकांनी विश्वासाने का टोचून घ्यावी?

१०/ हा ताप म्हणजे शरीराची सज्जता, रोग नव्हे, हे रेणूंच्या भाषेत समजावणारे शास्त्र तेव्हा जन्मलेच नव्हते. हाफकिन यांच्यापाशी एक पुरावा होता : स्वतःचे शरीर. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. त्यांच्या तापाचे उत्तर सापडायला मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले.