मातीचीं पाचकद्रव्यें

श्रोतेहो, हडपसरहून सासवडच्या रस्त्यास लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर फुरसुंगी व उरुळी देवाची हीं गांवें येतात. १९८१ च्या सुमारास पुणें शहराचा कचरा उरुळीच्या जमिनीवर पडूं लागला. पुढें ती जागा वाढत वाढत सुमारें १६० एकरांची झाली आणि तेथें कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. पावसाचें पाणी त्यांतून झिरपून, काळें होऊन जमिनींत मुरलें. आसपासच्या विहिरी पिण्याच्या उपयोगाच्या राहिल्या नाहींत आणि गांवकऱ्यांस टँकरची वाट पाहणें प्राप्त झालें. नासलेली माती पुनः शुद्ध होऊं शकते काय, हा प्रश्न आम्हां हडपसरकरांस केवळ पुस्तकी नाहीं, तो याचसाठीं. त्याचें उत्तर शोधतांना शास्त्रज्ञांनीं मातीकडूनच धडा घेतला. त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम स्वयंपाकघरांतील एक नित्याचा अनुभव घेऊं. चिरलेलें वांगें पाण्यांत टाकलें नाहीं, तर थोड्याच वेळांत काळें पडतें. वांग्यांतील एक द्रव्य हवेंतील प्राणवायूच्या साहाय्यानें फिनॉल जातीच्या पदार्थांचे रेणू एकमेकांस जोडतें आणि त्या जोडणींतून हा काळसर रंग येतो. अशा द्रव्यास एन्झाइम अथवा विकर म्हणतात. लग्न जुळविणारा मध्यस्थ एक लग्न लावून दुसऱ्या घरीं जातो, तद्वत् विकर स्वतः खर्ची न पडतां काम घडवून आणतें.

१८८३ सालीं जपानमध्यें योशिदा यांस लाखेच्या झाडाच्या चिकांत असेंच द्रव्य आढळलें. फ्रान्समधील बर्त्रां यांनीं पुढें त्यास लॅकेज हें नांव दिलें. १८९७ सालीं जर्मनींत बुख्नर यांनीं यीस्ट वाटून त्याचा रस काढला आणि सजीव पेशीवांचूनही त्या रसानें साखर आंबते, हें दाखविलें. सजीवाचें काम त्याच्या रसांतील विकरें करतात, हें तेव्हां सिद्ध झालें. १८९९ सालीं अमेरिकेंत वुड्स यांस खुद्द मातींतच अशीं विकरें मिळालीं. जंतु व मुळें मरून जातात, परंतु त्यांचीं कांहीं विकरें मातीच्या कणांस चिकटून आपलें काम चालूं ठेवतात.

या ज्ञानाचा उपयोग मात्र पुष्कळ उशिरां झाला. १९७३ सालीं भारतीय शास्त्रज्ञ सेतुनाथन् व त्यांचे सहकारी योशिदा (हे दुसरे) यांनीं फिलिपाइन्समधील भातखाचरांतून कीटकनाशक पचविणारा एक जंतु वेगळा केला. १९७६ सालीं मनेक यांनीं जंतूंपासून काढलेल्या विकरांनीं अशा विषांचें विघटन घडवून दाखविलें. १९८५ सालीं कुजक्या लाकडावर वाढणारी एक बुरशी डी.डी.टी. सारखें चिवट विषही मोडते, असें आढळून आलें. त्याच सुमारास अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांत बोलाग यांनीं दुसरा मार्ग दाखविला. लॅकेजच्या योगानें विषारी फिनॉल मातींतील काळ्या सेंद्रिय अंशास, म्हणजे ह्यूमसला, बांधून टाकतां येतात. वांगें काळें करणारी क्रिया येथें विषास जखडणारी ठरली.

तथापि बांधलेलें विष म्हणजे नाहींसें झालेलें विष नव्हे. दारास कडी घातली म्हणून आंतला चोर साधु होत नाहीं. ह्यूमस कालांतरानें झिजला, तर जखडलेला अंश सुटण्याचा संभव राहतो. शिवाय शिसें, पारा यांसारख्या धातूंचें विघटन कोणतेंही विकर करूं शकत नाहीं, कारण मूलद्रव्य मोडत नाहीं. विकरही उन्हातान्हांत लवकर निकामी होतें आणि शुद्ध स्वरूपांत महाग पडतें.

म्हणून जुन्या कचऱ्याच्या डोंगरांवर शुद्ध विकर न शिंपडतां जंतूंचें विरजणच घालतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१९ सालीं यासाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या. ढीग उकरावा, विरजण शिंपडावें, पुनःपुन्हां खालवर करावा आणि शेवटीं चाळून माती, दगड व प्लॅस्टिक वेगळें करावें, अशी ही रीत आहे. जंतु आपल्या विकरांनीं कुजण्याजोगें तेवढें कुजवितात. फुरसुंगीच्या ढिगांवरही हाच उपाय योजला गेला. त्यानें जागा मोकळी होते, परंतु विहिरींत उतरलेलें काळें पाणी परत वर येत नाहीं.

श्रोतेहो, मातीस पोट आहे व त्यांत पाचकरसही आहेत. भाजीचें देंठ, पालापाचोळा, शेण ती आनंदानें पचविते. पण बॅटरी, रंगाचा डबा व औषधाची बाटली तिच्या ताटांत वाढूं नये, इतकें तरी आपल्या हातीं आहे. ओला कचरा व सुका कचरा घरींच वेगळा करणाऱ्या गृहिणीचें काम कोणत्याही प्रयोगशाळेहून कमी मोलाचें नाहीं. आपल्या उंबऱ्याबाहेर टाकलेली वस्तु कोणाच्या तरी विहिरीकडे निघालेली असते, हें फुरसुंगीनें आपणांस शिकविलें आहे. तो धडा पुनः गिरवावा लागूं नये.