वेळापूरचा तळ आणि चंद्रभागेचे वाळवंट : वारीतील मुक्कामाचा इतिहास

वारकरी संप्रदायाच्या अभ्यासात वाटचालीचा विचार पुष्कळ झालेला आहे. मुक्कामाचा त्या मानाने थोडाच. वास्तविक ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघून आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरास पोचणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याचे निम्मे आयुष्य तळावर जाते. सायंकाळी एखाद्या गावाबाहेर हजारो माणसांचे एक नगर उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठून जाते. हे एका रात्रीचे नगर कोणाच्या अनुज्ञेने वसते, त्यातील व्यवस्था कोण राखतो, आणि ते उठून गेल्यावर मागे राहिलेल्या घाणीचा भार कोणाच्या माथी पडतो, असे तीन प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार दोन स्थळांच्या आधारे केला आहे. त्यांपैकी एक म्हणजे पंढरपुराच्या अलीकडचा वेळापूरचा तळ, आणि दुसरे, जेथे वाट संपते ते चंद्रभागेचे वाळवंट. पहिल्या स्थळी मुक्काम जमिनीवर पडतो, दुसऱ्या स्थळी तो पाण्याच्या मर्जीवर अवलंबून असतो.

वेळापूर हे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातील गाव पंढरपुराच्या पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे, सुमारे ३५ किलोमीटरांवर आहे. गावाची प्राचीनता पालखीवर अवलंबून नाही. येथील अर्धनारीनटेश्वराचे मंदिर यादवकालीन असून रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीतील, इ. स. १३०० च्या सुमारास कोरलेले मराठी शिलालेख येथे आढळतात. मंदिराच्या सान्निध्यात मोठे कुंड आहे. अवर्षणग्रस्त माणदेशाच्या या बाजूस देवालय आणि पाणी एकत्र असलेले ठिकाण वाटसरूंच्या मुक्कामास सोयीचे ठरावे, यात नवल नाही. माळशिरसहून निघालेली पालखी खुडूस फाट्याजवळचे रिंगण आटोपून धावाबावीच्या माळावर येते. तुकोबांना येथून पंढरीचा कळस दिसला व ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्या स्मरणाने वारकरी उतारावरून धावतात. यासच ‘धावा’ म्हणतात. हा धावा आटोपून आषाढ शुद्ध सप्तमीच्या सुमारास सोहळा वेळापूरच्या तळावर विसावतो.

तळाच्या रचनेचा उगम शोधावयाचा तर सोहळ्याच्या उत्पत्तीकडे वळणे प्राप्त आहे. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत घालून पंढरपुरास नेण्याची प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीस आजचे स्वतंत्र व शिस्तबद्ध रूप दिले ते हैबतरावबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हैबतबाबा हे शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार होते. त्यांच्या या कार्यास अंकलीच्या शितोळे सरदारांचे साहाय्य लाभले. माउलींचे अश्व आजही त्यांच्याकडूनच येतात. सोहळ्याचा मुख्य प्रवर्तक लष्करी पेशातील होता, ही गोष्ट केवळ चरित्राच्या दृष्टीने पाहून भागणार नाही. अश्व, नगारा, चोपदार, कर्णा, तंबू आणि दिंड्यांचे अनुक्रम या सर्वांवर मराठी छावणीची छाप स्पष्ट दिसते. ‘तळ’, ‘कूच’, ‘मुक्काम’, ‘राहुटी’ हे शब्द लष्करी व्यवहारात रुळलेले होते. त्यांतील काही फारसी-अरबीतून आले, काही देशी आहेत. परंतु भजनी समाजाने ते सर्व सहज आपलेसे केले. राज्य बुडाल्यानंतर लष्कराची छावणी उरली नाही. तिची शिस्त मात्र पालखीच्या तळावर टिकून राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

या शिस्तीचे दोन क्षण विशेष बोलके आहेत. पहाटे कर्ण्याचे इशारे होतात. पहिल्या इशाऱ्यास सामान आवरावयाचे, दुसऱ्यास दिंडीत आपापल्या जागी उभे राहावयाचे आणि तिसऱ्यास कूच करावयाचे, असा संकेत आहे. दुसरा क्षण सायंकाळच्या समाज-आरतीचा. तळावर पालखीभोवती दिंड्या वर्तुळाकार उभ्या राहतात. टाळमृदंगांचा गजर टिपेला पोचलेला असतो. चोपदाराने दंड उंचावताच तो थांबतो. ज्या दिंडीस तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतो. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद सर्वांसमक्ष पुकारली जाते, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते आणि त्यानंतर आरती होते. लेखी कायदा, शिपाई किंवा दंड यांपैकी काहीही नसताना इतका मोठा समाज आपले अंतर्गत तंटे एका वर्तुळात उभे राहून मिटवितो, ही संस्थांच्या इतिहासात दखल घेण्याजोगी गोष्ट होय.

तथापि या वर्तुळाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. इरावती कर्वे यांनी आपल्या ‘वाटचाल’ या लेखात वारीच्या अनुभवाचे जे चित्र रेखाटले, त्यात एकत्र चालणारे आणि एकत्र भजन करणारे लोक मुक्कामावर मात्र जातवार पंक्तीला बसतात, हे वैगुण्य नोंदविलेले आहे. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’ (१९६४) या पुस्तकातही तळावरचे दैनंदिन जीवन तपशीलाने येते. वाटेवर जे भेद झाकले जातात ते चुलीपाशी उघडे पडतात. समाजाची खरी घडण पाहावयाची असेल तर ती मुक्कामावर पाहावी, असे यावरून ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुक्कामाकडे पाहण्याची एक नवी दृष्टी आली, ती शासनाची. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत हिंदुस्थानातील यात्रा या पटकीच्या प्रसारास कारणीभूत होतात, असा ठपका ठेवण्यात आला. पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर पटकीची मोठी साथ पसरल्याने या मतास बळकटी मिळाली. पंढरपुरास नगरपालिका होती. यात्रेकरूंवरील कर, पाण्याची तपासणी आणि घरांतील गर्दीवर नियंत्रण हे विषय तेव्हापासून यात्रेच्या कारभारात कायमचे शिरले. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या निमित्ताने झाला खरा, परंतु यात्रा थांबविण्याचे साधन त्याने शासनाच्या हाती दिले. पूर्वी मुक्कामास गावाची संमती आणि रूढी पुरेशी होती. आता शासनाचा विचार घेणे आवश्यक झाले.

याच सुमारास भूमीही बदलू लागली. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपुरापर्यंत आली आणि पायी न चालताही यात्रा करणे शक्य झाले. यानंतर जे चालत राहिले त्यांचे चालणे हे गरजेपेक्षा निष्ठेचे द्योतक ठरले. पुढे नीरा उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्याच्या मोठ्या भागाचे रूप पालटले. ज्या पडीक माळांवर पाल ठोकण्यास कोणाची हरकत नसे, तेथे ऊस उभा राहिला. पिकाखाली आलेल्या जमिनीवर मुक्काम करणे म्हणजे कोणाच्या तरी मालकीवर आणि उत्पन्नावर आक्रमण होय. स्वाभाविकच पालखीतळासाठी राखीव जागा असावी, ही मागणी पुढे आली आणि रूढीने मिळणारी जागा हा प्रशासनाच्या नियोजनाचा विषय बनला.

चंद्रभागेच्या वाळवंटाची कथा याहून निराळी आहे. नदीचे पात्र कोणाच्याही खाजगी मालकीचे नाही. तेथे परवानगी देणारा अधिकारी म्हणजे नदी. कार्तिकीस, माघीस आणि चैत्रीस पाणी ओसरलेले असे. तेव्हा वाळवंटात राहुट्या पडत, कीर्तने होत. आषाढीस मात्र पूर आला की वाळवंट दिसेनासे होई आणि पुंडलिकाचे मंदिरही पाण्याने वेढले जाई. पैलतीरी जाणे, विष्णुपदास जाणे यासाठी होडी हेच साधन असे. पुंडलिक मंदिराची सेवा आणि होड्यांचा व्यवसाय या दोहोंशी येथील कोळी समाजाचा जुना संबंध आहे. नदीचा स्वभाव ओळखणारा हा समाज यात्रेचा खरा वाटाड्या होता.

नदीचा हा अधिकार विसाव्या शतकात धरणांकडे गेला. नीरेच्या खोऱ्यातील भाटघर धरण १९२० च्या दशकात, वीर धरण १९६० च्या दशकात आणि भीमेवरील उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले. तेव्हापासून वाळवंटात पाणी किती असावे हे पुष्कळ अंशी दारे उघडण्याच्या निर्णयावर ठरते. यात्रेच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडले जाते, तर अतिवृष्टीत उजनी आणि वीर येथील विसर्गाची वार्ता येताच पात्र रिकामे करावे लागते. पाणीही आता प्रशासनाच्या नोंदवहीत आले.

अखेरचा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा न्यायालयाचा. हाताने मैला उचलण्याच्या अमानुष प्रथेस बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. तो अपुरा ठरल्याने २०१३ मध्ये नवा कायदा झाला. यात्रेनंतर पंढरपुरात, विशेषतः नदीपात्रात, साचणारी घाण सफाई कामगारांना हाताने उचलावी लागते, हे गाऱ्हाणे जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. २०१४-१५ मध्ये न्यायालयाने वाळवंटात तंबू आणि राहुट्या उभारून मुक्काम करण्यास प्रतिबंध केला आणि शौचालयांची व्यवस्था करण्याविषयी शासनास आदेश दिले. वारकरी संघटनांनी परंपरेचा प्रश्न उपस्थित केल्यावर भजन-कीर्तनासाठी मर्यादित दिवसांची सवलत मिळाली. वास्तव्यासाठी नदीच्या पैलतीरावर ६५ एकरांची जागा विकसित करण्यात आली. तीस ‘भक्तिसागर’ असे नाव आहे. पूर्वी होडीने गाठावयाचा पैलतीर हाच आता मुक्कामाचा अधिकृत तळ झाला आहे. २०१६ मध्ये शासनाने ‘नमामि चंद्रभागा’ या नावाने नदीशुद्धीचा उपक्रमही जाहीर केला.

पाण्याकाठच्या मुक्कामाचा हा प्रश्न केवळ यात्रेपुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९७५) सरोवरांच्या काठावर होडीनेच पोचता येईल अशी तंबूंची ठिकाणे आखून दिलेली आहेत. जागा आगाऊ राखून ठेवावी लागते आणि आपला कचरा आपणच परत न्यावा लागतो. महाराष्ट्रात कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०१० मध्ये त्याचा समावेश सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात झाला. बामणोलीहून होडीने जलाशय ओलांडून वासोट्याच्या पायथ्याशी जाता येते; परंतु रात्रीच्या मुक्कामास तेथे मनाई आहे. जेथे धरणापूर्वी आणि अभयारण्यापूर्वी गावे नांदत होती, तेथे आज पाहुण्यासही एक रात्र राहता येत नाही. या दोन उदाहरणांत मुक्काम ही व्यक्तीस मिळणारी सवलत आहे आणि तिची अट म्हणजे मागे काही न ठेवणे. वारीत मुक्काम हा समुदायाचा परंपरागत हक्क आहे. परंतु या हक्काबरोबर येणाऱ्या कर्तव्याची स्पष्ट वाटणी परंपरेने केलेली नव्हती.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही. पादुका राज्य परिवहनाच्या बसने पंढरपुरास नेण्यात आल्या आणि वेळापूरचा तळ रिकामा राहिला. १८९७ च्या त्याच कायद्याचा आधार सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा घेतला गेला. २०२१ च्या नोव्हेंबरात पालखी महामार्गाच्या विस्तृत कामाची कोनशिला बसली आणि जुनी वाट चौपदरी रस्त्यात रूपांतरित होऊ लागली. तळावर फिरती शौचालये उभी करण्याचे प्रयत्न गेल्या दशकात वाढले आहेत.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य समाज-आरतीच्या वर्तुळातच दडलेले आहे. त्या वर्तुळात हरवलेल्या वस्तूचे गाऱ्हाणे ऐकले जाते, दिंडीच्या मानापमानाचे ऐकले जाते. परंतु तळ उठल्यानंतर तो स्वच्छ करणाऱ्याच्या हाती कधी टाळ नव्हता. त्यामुळे त्याची तक्रार चोपदारापर्यंत पोचली नाही; ती न्यायालयात जाऊन मांडावी लागली. शासनाने आणि न्यायालयाने मुक्कामावर घातलेली बंधने परंपरेवरचे बाह्य आक्रमण होत, असे मत अनेकदा व्यक्त होते. इतिहास मात्र एवढे दाखवितो की, जी जबाबदारी परंपरेच्या आतील शिस्तीने उचलली नाही तीच बाहेरून कायद्याच्या रूपाने परत आली. कर्ण्याच्या पहिल्या इशाऱ्यास सामान आवरणाऱ्या समाजाने जमीनही आवरूनच निघावे, हा नियम हैबतबाबांच्या शिस्तीशी विसंगत ठरणार नाही. तसे झाल्यास वेळापूरच्या तळावरचा एक रात्रीचा हक्क पुढील पिढ्यांसही निर्वेधपणे बजावता येईल.