ऱ्होड्स बेटावरचा निरोप्या

मंडळी, बांधावरून भाऊबंदांचं बोलणं तुटलं, की निरोप न्यायला तिसरा माणूस लागतो. १९४९ साली ऱ्होड्स बेटावर हे काम राल्फ बंच यांनी केलं. इस्रायल हे राष्ट्रच इजिप्तला मान्य नव्हतं. मग त्याच्यासमोर बसायचं कसं? दोन्ही शिष्टमंडळं उतरली एकाच हॉटेलात, पण मजले वेगळे. संयुक्त राष्ट्रांचे हे मध्यस्थ सुरुवातीला कागद घेऊन खालीवर करीत. त्यांच्या आधीचे मध्यस्थ बर्नादोत यांचा चारच महिन्यांपूर्वी जेरुसलेममध्ये ज्यू अतिरेक्यांनी खून केला होता, हे ध्यानात घ्या.

इजिप्तला घोर होता फालुजाचा. तिथे त्याचे हजारो सैनिक वेढ्यात सापडले होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले नासर त्यांतलेच. २४ फेब्रुवारीला सह्या झाल्या नि ते सैनिक सुटले.

हा तह नव्हे, नुसती शस्त्रसंधी. नकाशावरची रेघ राजकीय सरहद्द समजायची नाही, असं करारातच लिहिलं. म्हणून मान्यता न देताही सही करता आली. तोड शहाणपणाची खरी. पण घरदार सुटलेल्या लाखो पॅलेस्टिनींचा प्रश्न त्या कागदात नव्हता. इजिप्तने इस्रायलला मान्यता दिली ती तीस वर्षांनी, १९७९ च्या तहाने.